व्याही जर्मन बोलू लागले तेव्हा

आमचे व्याही जर्मन आणि विहीणबाई स्वीडिश. लेकीनं लग्न ठरल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा मुलगा स्वीडनचा, तिच्याच ऑफिसातला, पण त्याचे वडील मूळचे जर्मनीचे, एवढं सगळं एका दमात सांगून टाकलं. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला नि म्हणाले, "म्हंजे येकच की ते. गोरी माणसं."

"बाबा, कोल्हापूर आणि सांगली एकच का?"

"ते कसं येक हुईल?" हे एकदम खवळले. मग आपणच काय बोललो ते लक्षात येऊन हसायला लागले.

मी महापालिकेच्या शाळेत मुलांना मराठी शिकवून निवृत्त झाले. हे एसटीत मेकॅनिक. त्यांची निम्मी नोकरी गडहिंग्लजच्या डेपोत गेली. स्वीडिश नि जर्मन माणसांत काय सारखं, काय वेगळं, याचा विचार शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात कुणी कशाला करेल? पण करावा लागला. पुढं एकदा लेकीचा फोन आला, तेव्हा तिची मुलगी, आमची नात, पाच वर्षांची झाली होती.

"आई, सासरे विसरायला लागलेत. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. समजतंय तोवर त्यांना सुनेचं माहेर बघायचंय. आम्ही सगळेच येतो. नाताळ तिथंच करू."

"या की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नोव्हेंबरच्या शेवटाला ते आले. व्याही उंच, थोडे वाकलेले, पांढरे केस नीट विंचरलेले. तरुणपणी कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून स्वीडनला गेले, तिथं विहीणबाई भेटल्या आणि तिथलेच झाले. दोघांनीही न सांगता दारात बूट काढून बाजूला नीट लावून ठेवले. शेजारीण खिडकीतून ओरडली, "अगंबाई, पावणं बूट काढून आलं की!" लेक म्हणाली, तिकडं दोन्ही देशांत असंच असतं, बूट घालून घरात कुणी येत नाही. वरच्या खोलीत मी डबल बेडवर मोठी नवी रजई घातली होती. विहीणबाईंनी अवघडत दोन लहान मागितल्या. मला वाटलं, दोघांचं पटत नाही की काय. लेकीला हसू आवरेना. "अगं, जर्मन असो नाहीतर स्वीडिश, नवराबायको एका पलंगावर, पण पांघरूण ज्याचं त्याचं."

"शाणी माणसं हाईत," हे म्हणाले. "हितं सगळी रजई तुझ्याच अंगावर असती."

पहिले काही दिवस चांगले गेले. चहाचा कप हातात दिला की व्याही मान झुकवायचे. विहीणबाईंशी ते स्वीडिशमध्ये बोलायचे, माझ्याशी चार इंग्रजी शब्दांत. मधेच एखादा शब्द अडला की विहीणबाई हळूच पुढं करायच्या, जणू भाजी वाढताहेत.

पहिल्या रविवारी विहीणबाईंनी मेणबत्त्या मागितल्या. आमच्याकडं त्या असतातच. पौर्णिमेला वंदना होते तेव्हा बुद्धमूर्तीपुढं लावतो. त्यांनी चार घेतल्या, स्टीलच्या ताटात ज्वारी पसरून त्यात उभ्या केल्या, भोवती अशोकाची पानं लावली आणि एकच पेटवली. पुढच्या रविवारी दोन, मग तीन, चौथीनंतर नाताळ. मी विचारलं, "हे तुमच्याकडचं की त्यांच्याकडचं?"

"आता आमचंही आहे," त्या हळूहळू इंग्रजीत म्हणाल्या, मला समजेल असं. "पण आलं त्यांच्याकडून. नाताळचं झाडसुद्धा."

दुपारी सगळ्यांची झोप झाली की त्या दोघांना कॉफी लागायची आणि कॉफीबरोबर भाजलेलं गोड काहीतरी. मी गल्लीच्या तोंडाच्या बेकरीतून नानकटाई नाहीतर स्पंज केक आणायची. व्याही केक खाऊन अंगणात उन्हाला बसायचे नि आम्ही दोघी स्वयंपाकघरात. भाषा तोकडी होती, तरी गप्पा व्हायच्या. जिथं अडेल तिथं लेकीला हाक. विहीणबाईंनी एकदा सांगितलं, लग्नाआधी त्या पहिल्यांदा व्याह्यांच्या गावी, त्यांच्या आईकडं गेल्या, तेव्हा रविवारची दुपार होती. टेबलावर ठेवणीतले कप काढलेले, मधोमध केक, खिडकीशी मेणबत्ती. सासूनं आल्याची नि मसाल्याची कुरकुरीत बिस्किटं पुढं केली, ती चवसुद्धा त्यांच्या माहेरचीच. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मी आईच्याच घरी बसले आहे. फक्त सासू भरभर काय बोलते ते नीट कळत नव्हतं."

"मग भांडणं कशावरून झाली?" मी विचारलं. भांडण झालंच नाही असा संसार मी तरी पाहिलेला नाही.

त्या हसल्या. "झाडावरून. आम्ही ते आठवडा-दोन आठवडे आधी आणतो. त्यांच्या घरी नाताळच्या आदल्या दिवशीच आणायचं. पहिली काही वर्षं आम्ही त्यावरून एकमेकांशी बोलायचो नाही."

मलाही हसू आलं. पण आत कुठंतरी टोचलं. लेक भांडी पुसत होती. मी तिला मराठीत विचारलं, "तू पहिल्यांदा ह्यांच्या घरात गेलीस, तेव्हा तुला काय ओळखीचं वाटलं गं?"

तिनं बराच विचार केला. "वेलदोडा," ती म्हणाली. "त्यांच्या गोड पावाला वेलदोड्याचा वास येतो."

एवढंच सापडलं तिला.

दोन मेणबत्त्या लागून गेल्यावर एका सकाळी मी पोहे घेऊन वर गेले. व्याही खुर्चीत बसले होते. विहीणबाईंनी त्यांच्या गळ्याशी रुमाल लावला. व्याह्यांनी वर बघितलं, मान झुकवली आणि काहीतरी म्हणाले. विहीणबाईंचा हात तिथंच थांबला. त्यांनी स्वीडिशमध्ये काही विचारलं. व्याही नुसते हसले, अनोळखी माणसाकडं बघून हसतो तसे. पुन्हा तेच बोलले.

माझ्या हातात ताटली तशीच. लेक वर आली, जावई आला. जावयानं वडिलांजवळ गुडघ्यावर बसून ऐकलं. तो लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत जर्मन आजीकडं राहायचा, त्याला ती भाषा येते. लेकीनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "जर्मन बोलतायत. स्वीडिश कळेनासंच झालंय. होतं म्हणे असं, शिकलेली भाषा आधी जाते, आईची राहते."

"आणि काय म्हणाले?"

"आभार मानले. पण आई, सासूबाईंना 'तुम्ही' म्हणाले. जर्मनमध्ये आपल्यासारखं तू आणि तुम्ही असतं. परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाले. तुम्ही फार चांगल्या आहात, बाई."

विहीणबाई रडल्या नाहीत. खिडकी उघडून थोडा वेळ तिथं उभ्या राहिल्या, परत आल्या आणि पोहे भरवायला लागल्या. मी खाली आले. आमच्याकडं असं काही झालं असतं तर गल्ली गोळा झाली असती, बायकांनी गळ्यात पडून रडून घेतलं असतं. खाली येऊन मी काय करायचं? कांदा चिरत बसले. तेवढ्याचीही गरज नव्हती, पोहे झाले होते.

दुपारी कॉफीला विहीणबाई एकट्याच खाली आल्या. म्हणाल्या, शाळेत असताना त्या जर्मन शिकल्या होत्या, त्यांच्या पिढीत बहुतेक सगळेच शिकायचे. लग्नानंतर गरजच पडली नाही, कारण व्याही इतकं छान स्वीडिश बोलायचे. आता त्या आठवून आठवून वाक्यं जुळवत होत्या. बरेच शब्द जवळजवळ तेच असतात, असं त्यांनी टेबलावर बोट ठेवत सांगितलं. घराला ते 'हाउस' म्हणतात, आम्ही 'हूस'. पाण्याला 'वासर', आम्ही 'वात्तेन'. हिवाळा तर दोन्हीकडं 'विंटर'च. जिथं शब्द सापडत नाही तिथं त्या आपलाच शब्द थोडा वाकडा करून म्हणायच्या, आणि कितीदा तरी तो बरोबर निघायचा.

"मग तुम्ही त्यांना काय म्हणता? तू की तुम्ही?" मी विचारलं. विचारायला नको होतं असं नंतर वाटलं.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. "तू म्हटलं की ते घाबरतात."

तेव्हापासून ती दोघं एकमेकांशी नुकती ओळख झालेल्या माणसांसारखी वागू लागली. व्याही त्यांच्यासाठी दार उघडून धरायचे. त्या आभार मानायच्या. बघणाऱ्याला वाटावं, काय सभ्य माणसं आहेत. मला ते बघवत नसे.

मग संध्याकाळी एक नवंच सुरू झालं. ऊन उतरलं की व्याही उठून दाराशी जायचे, कडी चाचपायचे. "हाइम," म्हणायचे. विहीणबाईंना तो शब्द लगेच कळला. स्वीडिशमध्ये 'हेम'. घरी. त्यांना घरी जायचं होतं. जावयानं मोबाइलवर त्यांच्या स्वीडनच्या घराचे फोटो दाखवले: लाल लाकडी भिंती, सफरचंदाचं झाड, बर्फात रुतलेली सायकल. व्याह्यांनी प्रत्येक फोटो नीट बघितला, मान हलवली. हे नव्हे. मग त्यांनी एका गावाचं नाव घेतलं. त्यांच्या आईचं गाव. ते घर कधीच विकलं गेलं, पाडलं गेलं, तिथं आता दुसरं काहीतरी उभं आहे, असं जावई म्हणाला. वडिलांना हे कसं सांगायचं, हे त्याला कळत नव्हतं. एकदा, घरही नाही नि आईही नाही, असं सांगून पाहिलं तर ते आईसाठी लहान मुलासारखे रडले, आणि थोड्या वेळानं पुन्हा दाराशी येऊन उभे राहिले.

आम्ही सगळे हातपाय गाळून बसलो होतो, तेव्हा हे उठले. चप्पल घातली, कडी काढली.

"चला पावणं. जाऊया की घरी."

"अहो, कुठं नेताय?" मी म्हटलं.

"त्येला जायाचं हाय न्हवं? मग जाऊ द्या की. बसून काय हुतंय?"

दोघं गेले. तालमीपुढनं, फुटबॉलच्या पोरांच्या कट्ट्यापुढनं, बेकरीपर्यंत आणि मागच्या बोळानं परत. हे सारा वेळ मराठीतनं बोलत होते, ते जर्मनमधनं. पोरं ओळखायला लागली. "राम राम पावणं," "जय भीम पावणं," ज्याचं जे असेल ते. परत दाराशी आले की हे म्हणायचे, "आलं बघा घर." व्याही घराकडं बघायचे, बूट काढून नीट लावायचे आणि आत यायचे. रोज जमायचं असं नाही. एकदा बोळाच्या तोंडाशी भिंत धरून बसले, उठेनात. ह्यांनी त्यांच्याशेजारी जमिनीवर बैठक मारली आणि अंधार पडेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले. आल्यावर हे म्हणाले, "काय बोलतोय ते कळंना. पर लई कायतरी सांगत हुता गं. लई."

नाताळच्या आदल्या दिवशी, कारण दोन्ही देशांत तोच खरा दिवस, जावयानं नर्सरीतून कुंडीतलं झाड आणलं. विहीणबाईंनी या खेपेला व्याह्यांच्या आईची रीत पाळली होती, आधी आणू दिलं नव्हतं. चारी मेणबत्त्या पेटलेल्या. बटाटे उकडलेले, लाल कोबी व्हिनेगर नि साखर घालून शिजवलेला, आणि ह्यांच्या हट्टानं तांबडा रस्सा. जेवणाआधी विहीणबाई गायला लागल्या. संथ चालीचं गाणं, पाळण्यासारखं. दुसऱ्या ओळीला व्याही उभे राहिले आणि त्यांच्या गळ्यातून तोच सूर निघाला, स्वच्छ, एकही शब्द न चुकता. त्या स्वीडिशमध्ये, ते जर्मनमध्ये. शब्द वेगळे, तरी एकमेकांच्या आड येत नव्हते. जावई गायला लागला. लेक गायला लागली. माझी नात बापाच्या मांडीवर बसून स्वीडिश शब्द म्हणत होती. व्याह्यांनी विहीणबाईंचा हात हातात घेतला, न विचारता, जसा इतकी वर्षं घेत असतील तसा.

आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे होतो. ह्यांनी डोळे पुसले. मी गुणगुणायचा प्रयत्न केला. सूर सापडला पण त्यावर ठेवायला माझ्याकडं शब्दच नव्हता.

दुसऱ्या दिवशी लेक गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत होते. म्हटलं, "एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तुझं असं झालं तर?"

ती थांबली. मी बोलत गेले, कारण थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. "म्हातारपणी तुझंही सगळं गेलं, नुसती मराठी राहिली, तर त्या घरात कोण समजून घेणार? त्यांचं निम्मं तरी सारखं आहे. शब्द वाकडा केला की जुळतो. गाणं तेच, मेणबत्ती तीच. तू 'पाणी' म्हणशील, तर ते कशाशी जुळवणार? पोरीला शिकव की गं. मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं."

"मी नाही केलं का आई?" तिनं ओला टॉवेल दोरीवर तसाच टाकला. "ती झाली तेव्हापासून तिच्याशी मराठीच बोलत होते. सहा महिने, वर्ष. पण समोरून कुणी उत्तरच देत नाही गं. तिला वाटतं, हा मम्मीचा एकटीचा खेळ आहे. पाळणाघरात स्वीडिश, बापाशी स्वीडिश, आता आजोबांशी जर्मन. जर्मन तिला पटकन आलं, कारण निम्मं तिला येतच होतं. मी दमून घरी येते. एकटीनं किती बोलायचं?"

मी तो टॉवेल सरळ करून त्याला चिमटे लावले. चार दिवस होते हातात. मी नातीला घेऊन बसले. चिमणी दाखवली, कावळा दाखवला, खुर्ची, खिडकी. शाळेत जसं करायची तसं टाळ्या वाजवून, गाऊन. ती हसायची, माझ्यामागून म्हणायची आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरलेली असायची. गुणी पोर होती. माझ्या गळ्यात हात टाकून तिनं मला काहीतरी सांगितलं, बराच वेळ, अगदी कानात. मी "हो का?" म्हणत राहिले.

निघायच्या दिवशी गाडी गल्लीत उभी राहिली आणि व्याही गाडीत बसेनात. दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. जावई जर्मनमध्ये समजावत होता, विहीणबाई 'तुम्ही तुम्ही' म्हणत विनवत होत्या. विमानाची वेळ होत आली होती. शेजारचे दारात येऊन उभे राहिले. शेवटी सगळ्यांनी ह्यांच्याकडं बघितलं.

हे पुढं झाले. "चला पावणं," म्हणाले, "घरी जाऊया."

व्याह्यांनी चौकट सोडली. ह्यांचा हात धरून गाडीपर्यंत आले, वाकून आत बसले. हे शेजारी बसतील असं त्यांना वाटलं असावं, कारण ते थोडे सरकले, जागा करून दिली. ह्यांनी बाहेरून दार लावलं.

गाडी वळली. हे तिथंच उभे. मी म्हटलं, "चला आत, चहा टाकते."

"नगं," म्हणाले. आणि दोन दिवस त्या बोळानं गेले नाहीत.

वसंतात लेकीनं कळवलं, सासऱ्यांना आता अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवलंय. विहीणबाई रोज दुपारी केक घेऊन जातात, त्यांच्याजवळ बसतात. बोलणं सगळं थांबलंय, जर्मनसुद्धा. त्या गातात तेव्हा कधी ओठ हलतात, कधी नाही. एप्रिलच्या शेवटी तिकडं हिवाळा जावा म्हणून मोठी होळी पेटवतात, जर्मनीतही त्याच दिवशी पेटवतात म्हणे. संस्थेच्या अंगणात पेटवली तेव्हा त्यांना चाकाच्या खुर्चीवरून नेलं होतं. लेकीनं व्हिडिओ पाठवला. जाळाचा उजेड त्यांच्या तोंडावर पडलाय आणि ते जाळाकडं न बघता बाजूला, कुठंतरी अंधारात बघतायत. ह्यांनी तो एकदाच बघितला आणि फोन उलटा ठेवला.

रविवारी लेकीचा फोन येतो. एका रविवारी ती स्वयंपाक करता करता बोलत होती. फोन ओट्याला टेकवलेला. "आई, त्या दुकानात मला अगदी आपल्यासारखी ती मिळाली गं, ती, कणीक मळायची..." ती थांबली. हातानं हवेत गोल काढला. एक स्वीडिश शब्द म्हणाली, मान हलवली. "काय गं ते? अगदी ओठांवर आहे."

"परात," मी म्हटलं.

"परात!" ती हसली. मीही हसले.

गच्चीवर मी तिला ज्याची भीती घातली होती, म्हातारपणी नुसती मराठी उरेल याची, ती भीती बरी म्हणायची की ही, मराठीच आधी जाईल याची, मला अजून ठरवता आलेलं नाही. आता ती बोलता बोलता थांबली की मी घाई करत नाही, वाट बघते. कधी तिचं तिला आठवतं. कधी मी सांगते. आणि कधी तिनं कितीही हातवारे केले तरी मला सांगता येत नाही, कारण ती ज्याच्याबद्दल बोलत असते, ती वस्तू आमच्याकडं नसतेच.